पाना, पंक्चर आणि सोबत

 

आज इतिहासाच्या गप्पांत राजा नाही, राणी नाही, किल्लाही नाही. आज मोटरसायकल आहे. ती घेऊन हजारो किलोमीटर गेलेल्या आणि रस्त्यात बंद पडली तर बाह्या सरसावून खोलायला बसणाऱ्या बायका आहेत.

हा विषय का घेतला, ते सांगते. घरात मुलीने गाडी मागितली की पहिला प्रश्न काय येतो? "वाटेत बंद पडली तर काय करशील?" मुलगा गाडी मागतो तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नाही. खरं तर त्यालाही बरेचदा काही येत नसतं. पण तो "करेल काहीतरी" असं आपण धरून चालतो. मुलीच्या बाबतीत मात्र या एका प्रश्नावर गाडी अडते. गाडी अडली की कॉलेज अडतं, बाजार अडतो, बँक अडते, तालुक्याची मीटिंग अडते. प्रश्न साधा दिसतो, पण त्याने किती रस्ते बंद होतात बघा.

हा प्रश्न नवीन नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या बायकांनाही तो विचारला जात होता. त्यांनी त्याचं उत्तर रस्त्यावर जाऊन दिलं. आज मी तुम्हाला तीन जोड्यांची गोष्ट सांगणार आहे. एक माय-लेकींची, एक बहिणींची आणि एक मैत्रिणींची.

आधी त्या काळचा रस्ता कसा होता ते बघू. अमेरिकेत एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत जाणारा 'लिंकन महामार्ग' १९१३ साली जाहीर झाला. नाव महामार्ग, पण बहुतेक ठिकाणी नुसती मातीची वाट. पाऊस पडला की गुडघाभर चिखल, ऊन पडलं की धूळ. आपल्याकडचा पाणंद रस्ता पावसाळ्यात कसा होतो, तो डोळ्यांसमोर आणा, म्हणजे चित्र कळेल. पेट्रोल पंप दूरदूर. मोबाइल तर नाहीच. टायरमध्ये रबरी ट्यूब असायची आणि ती खिळ्याने, काट्याने, दगडाच्या धारेने फाटायची. रात्री उजेडासाठी पुष्कळ गाड्यांना कार्बाइडचा दिवा असे. कार्बाइडच्या खड्यांवर पाणी ठिबकायचं, गॅस तयार व्हायचा आणि तो पेटवायचा. त्यामुळे त्या काळात मोटरसायकल चालवणं आणि मोटरसायकल दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं नव्हतीच. ज्याला दुसरं येत नाही, त्याने पहिलं करायला निघू नये अशीच स्थिती होती.

अशा रस्त्यावर १९१५ सालच्या मे महिन्याच्या २ तारखेला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधून एक लेक आणि तिची आई निघाली. लेकीचं नाव एफी हॉचकिस, आईचं नाव एव्हिस. लेक मोटरसायकल चालवायची. आई शेजारच्या साइडकारमध्ये, म्हणजे गाडीला बाजूने जोडलेल्या तिसऱ्या चाकाच्या डब्यात बसलेली. गाडी होती हार्ले डेव्हिडसन, तीन गिअरची. जायचं होतं देशाच्या दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोला. पनामा कालवा खुला झाला म्हणून तिथे त्या वर्षी मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं.

आई का गेली बरोबर? लेकीवर लक्ष ठेवायला! हे ऐकून तुम्ही हसला असाल, कारण आपल्या ओळखीचंच आहे हे. पण लक्ष ठेवायला निघालेल्या या आईने काय केलं, ते ऐका. "परत फीर" असा धोशा लावला नाही. साइडकारमध्ये बसून ती विणकाम करायची. पत्र्याच्या त्या डब्यात धूळ, धक्के, पाऊस सगळं सोसत ती लेकीबरोबर पूर्ण देश पार करून गेली. पन्नाशी ओलांडलेली बाई होती ती.

आता त्यांच्या दुरुस्तीची गोष्ट. न्यू मेक्सिको नावाच्या कोरड्या, तापलेल्या मुलखात त्यांच्याजवळच्या ट्यूब संपल्या. जवळपास दुकान नाही. हवा नसलेल्या टायरवर गाडी तशीच दामटली तर चाकाच्या लोखंडी कडेखाली टायर चिरडतो, मग टायरही जातो आणि चाकही. अशा वेळी माय-लेकींनी काय केलं? पांघरायची घोंगडी काढली, मापात कापली, घट्ट गुंडाळी केली आणि टायरच्या आत ठासून भरली. ट्यूबमधली हवा जे काम करते, म्हणजे टायर फुगीर ठेवणं, ते काम घोंगडीच्या गुंडाळीने केलं. गाडी हळू गेली, धक्के बसले असतील, पण गाडी गेली.

मैत्रिणींनो, यात कुठलं मोठं यंत्रशास्त्र होतं? ज्या बाईला चिंध्या दाबून उशी भरता येते, वाकळ शिवता येते, तिला ही युक्ती परकी नाही. फक्त टायरचं काम काय आहे हे कळायला हवं. ते एकदा कळलं की हाताशी जे आहे त्यातून वाट काढणं आपल्याला नवं नाही.

ऑगस्टमध्ये दोघी सॅन फ्रान्सिस्कोला पोचल्या. निघताना त्यांनी अटलांटिक समुद्राचं पाणी बरणीत भरून घेतलं होतं, ते प्रशांत महासागरात ओतलं. आपल्याकडे काशीची गंगा रामेश्वराला नेतात ना, तसंच वाटतं ऐकताना. मग त्याच गाडीवरून परत फिरल्या आणि ऑक्टोबरात घरी पोचल्या. जाऊन येऊन साधारण १४,५०० किलोमीटर. म्हणजे मुंबईहून नागपूरला नऊ वेळा जाऊन नऊ वेळा परत यायचं, आणि तेही पाणंदीवरून.

दुसरी जोडी बहिणींची. ऑगस्टा आणि अ‍ॅडलिन व्हॅन ब्यूरेन. लगेच पुढच्या वर्षी, १९१६ च्या जुलैत, त्या न्यूयॉर्कहून निघाल्या. दोघींच्या दोन वेगळ्या मोटरसायकली, 'इंडियन' नावाच्या कंपनीच्या. हे नाव आपल्या देशावरून नाही बरं का, कंपनी अमेरिकेचीच. युरोपात तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. अमेरिका त्यात उतरली नव्हती, पण तयारी सुरू होती. सैन्यात एका ठिकाणचा निरोप दुसऱ्या ठिकाणी मोटरसायकलवरून नेणारे शिपाई असत. बहिणींचं म्हणणं असं की हे काम बायकाही करू शकतात. ते सिद्ध करायला त्यांनी देश पार करायचं ठरवलं. आणि लक्षात घ्या, न्यूयॉर्कमध्ये बायकांना तेव्हा मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता. तो १९१७ मध्ये मिळाला.

वाटेत त्यांना पोलिसांनी अडवलं, एकदा नाही, अनेकदा. गाडी चालवली म्हणून नाही, तर पुरुषांसारखी चामड्याची विजार घातली म्हणून! लहान गावांतून त्यांना याच कारणासाठी पकडलं गेलं. आता घोळदार झगा घालून मोटरसायकल कशी चालवायची? चाकात, साखळीत कापड अडकलं तर जीव जाईल. आपल्या आज्यांनी नऊवारीचा काष्टा मारून पेरणी-लावणी केली, ओढे ओलांडले. कामाला सोयीचा पोशाख कुठला हे काम करणाऱ्या बाईला कळतं, पण त्याचा न्याय करायला बसतो भलताच कुणीतरी.

या बहिणी पाइक्स पीक नावाच्या डोंगरावर मोटरसायकलने चढल्या. १४ हजार फुटांहून उंच शिखर आहे ते. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे अडीच कळसूबाई एकावर एक. मोटरसायकलवर तिथे पोचलेल्या त्या पहिल्या बायका.

पण मला शिखरापेक्षा त्यानंतरची गोष्ट जास्त मोलाची वाटते. पुढे रॉकी पर्वतात पाऊस लागला. रस्त्याचा चिखल झाला, गाड्या रुतल्या. दोघींनी खूप ओढल्या, पण गाड्या हलेनात. शेवटी गाड्या तिथेच सोडून त्या चालत निघाल्या. दमून-भिजून गिलमन नावाच्या खाण कामगारांच्या वस्तीवर पोचल्या. तिथल्या कामगारांनी त्यांना खाऊ-पिऊ घातलं, आणि मग गाड्या चिखलातून काढायला मदत केली. पुढे वाळवंटात, सॉल्ट लेक सिटीच्या पश्चिमेला, त्या वाट चुकल्या. पाणी संपलं. तेव्हा घोडागाडीवरून जाणारा, खनिज शोधत फिरणारा एक माणूस भेटला. त्याच्याजवळ पाणी होतं म्हणून दोघी वाचल्या.

म्हणजे बघा, या बहिणी शूर होत्या, गाडीची कामं त्यांना येत होती, तरी दोन वेळा अनोळखी माणसांच्या मदतीवाचून त्यांचं पुढे जाणं अशक्य होतं. यात कमीपणा काहीच नाही. रस्त्यावरचा हा जुना धर्म आहे. आपल्याकडे गाडीवान दुसऱ्याची रुतलेली बैलगाडी दिसली की आपली थांबवायचा, खांदा लावायचा. त्यात ओळख विचारत नसत. मोटरसायकलवरून लांब जाणारे लोक आजही असंच करतात. वाटेत कुणाची गाडी बंद दिसली की थांबतात, काय हवं विचारतात, पाना देतात. आज तुमचं चाक, उद्या माझं.

साठ दिवसांनी, २ सप्टेंबर १९१६ ला, बहिणी सॅन फ्रान्सिस्कोला पोचल्या. त्यानंतर लॉस एंजलिसपर्यंत आणि तिथून मेक्सिकोच्या हद्दीपार तिहुआनापर्यंत गेल्या. एकूण सुमारे ८,८०० किलोमीटर. झालं ना सिद्ध? पण अ‍ॅडलिनने सैन्यात निरोप्याच्या कामासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. वर्तमानपत्रांत काहींनी लिहिलं की या बायका देशाच्या नावाखाली घरकाम चुकवायला बाहेर पडल्या. कौतुक झालं ते जास्त करून मोटरसायकलचं. गाडी किती दणकट! चालवणाऱ्या किती दणकट, हे लिहायला जागा कमी पडली.

बहिणी खचल्या नाहीत. अ‍ॅडलिनने पुढे कायद्याची पदवी घेतली. ऑगस्टा विमान चालवायला शिकली.

तिसरी जोडी मैत्रिणींची, इंग्लंडची. थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेनकायरन. थेरेसा इंजिनिअरिंग शिकलेली. फ्लॉरेन्स शर्यतीत गाडी पळवणारी. ११ डिसेंबर १९३४ ला दोघी लंडनहून निघाल्या आणि २९ जुलै १९३५ ला आफ्रिकेच्या पार दक्षिण टोकाला, केपटाउनला पोचल्या. साडेसात महिने. एकच मोटरसायकल, ६०० सीसीची पँथर. तिला साइडकार जोडलेली आणि मागे सामानाची छोटी गाडीही ओढत न्यायची. मध्ये सहारा वाळवंट. दिशा दाखवणारं होकायंत्रसुद्धा जवळ नव्हतं.

वाळूत चाकं रुतायची. उतरायचं, वाळू उपसायची, ढकलायचं, चार पावलं पुढे जायचं, पुन्हा रुतायचं. एक दमली की दुसरीने जोर लावायचा. पुढे इंजिनच निकामी झालं. वाळवंटाच्या दक्षिण कडेला आगादेस नावाचं जुनं गाव आहे, आजच्या नायजर देशात. तिथे त्यांनी इंजिन पूर्ण खोललं आणि पुन्हा बांधलं. मोठं वर्कशॉप नाही, सुटे भाग हाताशी नाहीत. इंजिन म्हणजे काही दोन स्क्रूंचा खेळ नव्हे. कुठला भाग कुठून काढला, कुठल्या क्रमाने काढला, हे लक्षात ठेवावं लागतं. उलट्या क्रमाने तो परत बसवावा लागतो. मध्ये वाळूचा कण राहिला तर पुन्हा सगळं घासून जातं. त्यांनी ते केलं आणि पुढे गेल्या.

थेरेसाने दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात मोटरसायकलवरून निरोप नेण्याचं काम केलं. आठवतं ना, अ‍ॅडलिनचा अर्ज कशासाठी होता? त्याच कामासाठी. जे एका बहिणीला अमेरिकेत नाकारलं गेलं, ते काम दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या अनेक बायकांनी केलं. पुढे थेरेसा अमेरिकेत राहायला गेली आणि लोकांना मोटरसायकल चालवायला शिकवू लागली. आफ्रिकेच्या प्रवासावर तिने लिहिलेलं पुस्तक मात्र तिच्या मृत्यूनंतर, २००१ साली छापलं गेलं. प्रवास १९३५ चा आणि पुस्तक २००१ चं.

आता तुम्ही म्हणाल, ताई, त्या शिकलेल्या, गोऱ्या, पैसेवाल्या बायका. आम्हाला इंजिनातलं काय कळतंय? तर मी तुम्हालाच विचारते. रॉकेलचा स्टोव्ह कुणी कुणी वापरलाय? हवा भरायचा स्टोव्ह. ज्योत पिवळी पडली, फुरफुरायला लागली की काय करायचो आपण? बर्नरच्या भोकात पिन मारायची. कचरा निघाला की ज्योत निळी. पंप मारून हवा धरत नसेल तर आतला चामड्याचा वायसर काढायचा, तेलात भिजवायचा, पुन्हा बसवायचा. बरोबर?

आता ऐका. जुन्या मोटरसायकलच्या कार्बोरेटरमध्ये अगदी तसंच एक बारीक भोक असतं. त्यातून पेट्रोल हवेत मिसळतं. त्यात कचरा अडकला की गाडी धक्के देते, बंद पडते. भोक साफ केलं की चालू. प्लगवर काजळी बसली की ठिणगी पडत नाही. काजळी पुसली की पडते. पंक्चर म्हणजे काय? फुगवलेली ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडे कुठे येतात बघायचं, ती जागा खरवडायची, आपण ज्याला सुलोचन म्हणतो ते लावायचं, सुकू द्यायचं आणि रबराचा तुकडा दाबून बसवायचा. शिलाई मशीनचं बॉबिन काढून, तेल घालून, ताण जुळवून देणाऱ्या कितीतरी जणी आपल्या गटात आहेत. हे सगळं दुरुस्तीचंच काम आहे. पुरुषाने केलं तर तो मिस्त्री, बाईने केलं तर ते घरकाम, एवढाच फरक आपण करत आलो.

आपल्या महाराष्ट्रात बायकांच्या हातात पेट्रोलची गाडी मोठ्या संख्येने यायला लागली ती लूनाने. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीने ती काढली. ५० सीसीची, हलकी आणि पायडल असलेली. पेट्रोल संपलं तरी सायकलसारखी पायडल मारत घरी येता यायचं. "वाटेत बंद पडली तर" या प्रश्नाचं उत्तर गाडीतच बसवलेलं होतं म्हणा ना! किती शिक्षिका, नर्सबाई लूनावरून कामावर गेल्या, ते आपण पाहिलंय. पुढे १९८४ मध्ये बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा आली आणि किक मारायचा प्रश्नही सुटला. २०११ साली पुण्यातच 'बायकरनी' नावाचा मोटरसायकल चालवणाऱ्या बायकांचा गट सुरू झाला. देशभरातल्या बायका त्यात आल्या, एकत्र लांबचे प्रवास करू लागल्या.

आता आपल्या कामाचं बोलू. गटातल्या ज्या जणींकडे गाडी आहे, त्यांनी एका रविवारी एकत्र जमा. गावातल्या गॅरेजवाल्या दादाला चहाला बोलवा आणि चार गोष्टी शिकून घ्या. चाकातली हवा किती हवी आणि ती कशी बघायची. प्लग कुठे असतो, तो पान्याने कसा काढायचा, पुसायचा. फ्यूज कुठे असतो आणि गेला तर कसा बदलायचा. ट्यूब नसलेल्या टायरला रबराची दोरी घालून पंक्चर कसं बंद करायचं. नव्या गाड्यांत कार्बोरेटर नसतो, तिथे उगाच हात घालू नका, ते काम त्याच्यावर सोडा. इंजिन तापलेलं असताना काही खोलू नका, भाजेल. डिकीत एक प्लगचा पाना, एक जादा प्लग, जादा फ्यूज, फडकं, हातपंप आणि बॅटरी ठेवा. सगळं मिळून एका पिशवीत मावतं.

आणि सोबत. हे सगळ्यात महत्त्वाचं. लांब जायचं असेल तर दोघी-तिघी मिळून निघा. कुठे निघालो, कधी पोचणार, हे गटात कळवा. अडचण आलीच तर ११२ नंबर लक्षात ठेवा. आणि रस्त्यात कुणी बाई बंद गाडीपाशी उभी दिसली तर थांबा. नुसतं थांबलात तरी तिचा अर्धा जीव भांड्यात पडेल. एकटी गाडी ढकलणारी बाई आणि दोघी मिळून गाडी ढकलणाऱ्या बाया, यात फार फरक असतो. दोघी असल्या की तेच संकट आठवड्याभराने हसत सांगायची गोष्ट होते. माय-लेकी, बहिणी, मैत्रिणी, तिन्ही जोड्यांनी हेच दाखवलं.

म्हणजे आता घरात तो प्रश्न आला, "वाटेत बंद पडली तर काय करशील?", तर मुलीला दोन उत्तरं देता आली पाहिजेत. "मला एवढं एवढं दुरुस्त करता येतं." आणि "नाहीच जमलं तर माझ्या या या सोबतिणी आहेत." ही दोन उत्तरं तिच्याकडे असावीत याची सोय आपण गटाने करायची.

जाता जाता एक काम. थेरेसाचं पुस्तक छापून यायला सुमारे सहासष्ट वर्षं लागली. आपल्या गावांतल्या बायकांच्या गोष्टी तर कुठेच लिहिलेल्या नाहीत. तुमच्या गावात पहिली सायकल कोणत्या बाईने चालवली? पहिली लूना कुणाची? कोण पहिल्यांदा ट्रॅक्टरवर बसली? लोक काय म्हणाले, गाडी कुठे बंद पडली, कोण मदतीला आलं? त्या बाई गावात असतील, म्हाताऱ्या झाल्या असतील. त्यांच्याकडे जाऊन बसा, विचारा, वहीत लिहून घ्या. मग त्यांनाच आपल्या रेडिओवर घेऊन या, त्यांच्या तोंडून ऐकू. चला, भेटू पुढच्या भागात.